कारखान्यातील तापमान मोजताना : थर्मोकपल आणि पीटी-१०० निवडण्यापासून तपासण्यापर्यंत

कोल्हापूर परिसरात तापमान मोजण्याचे काम अगदी वेगवेगळ्या पातळ्यांवर चालते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळलेले बीड साच्यात ओतताना ते साधारण १,३५० ते १,४२० अंश सेल्सियस असावे लागते. दुधाच्या प्लांटमध्ये पाश्चरायझरच्या होल्डिंग ट्यूबमधून (तापवलेले दूध काही सेकंद गरम ठेवणाऱ्या नळीतून) बाहेर पडणारे दूध ७२ अंशांच्या खाली असून चालत नाही. साखर कारखान्यात उसाचा रस क्लॅरिफायरला, म्हणजे रस निवळवण्याच्या टाकीत, सोडण्यापूर्वी १०० ते १०५ अंशांपर्यंत तापवतात. आणि गुऱ्हाळावर काहिलीतला पाक ११५ ते ११८ अंशांच्या दरम्यान आला की काहील उतरवण्याची वेळ होते. या चारही ठिकाणी विजेवर चालणारा सेन्सर वापरता येतो, पण चारही ठिकाणी एकच सेन्सर चालत नाही.

सेन्सर स्वतः तापमान सांगत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड) काही मिलिव्होल्टचे व्होल्टेज देतो, पीटी-१०० (प्लॅटिनमच्या तारेचा सेन्सर) आपला रोध बदलतो, आणि त्यावरून अंश काढण्याचे काम पॅनलवरचे इन्स्ट्रुमेंट करते. सेन्सरच्या टोकापासून इन्स्ट्रुमेंटपर्यंतची प्रत्येक तार, प्रत्येक जोड आणि प्रत्येक टर्मिनल या मोजणीचा भाग असतो. आकडा चुकला की बहुतेक जण आधी सेन्सर बदलतात. माझ्या मते आधी ही वाट तपासावी, कारण दोष बहुधा तिथेच सापडतो.

थर्मोकपलमध्ये व्होल्टेज नेमके कुठे तयार होते

दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले, तर मोकळ्या टोकांमध्ये अगदी थोडे व्होल्टेज मिळते, हे थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले. हे व्होल्टेज जोडाच्या ठिपक्यात तयार होते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते तारेच्या त्या लांबीत तयार होते, जिथे तापमान गरमाकडून थंडाकडे बदलत जाते. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत आत खोलवर असलेला तारेचा भाग सगळीकडे जवळपास सारखाच गरम असतो, त्यामुळे त्याचा वाटा थोडा असतो. भट्टीच्या भिंतीतून बाहेर येणारा वीतभर भाग मात्र जवळजवळ सगळे व्होल्टेज देतो.

या गोष्टीचा कामात थेट उपयोग आहे. जुन्या थर्मोकपलची तार जिथे वर्षानुवर्षे तापली, तिथे तिचे गुणधर्म बदललेले असतात. तो थर्मोकपल थोडा बाहेर ओढून पुन्हा बसवला, की बदललेला भाग भिंतीतल्या उतारावर येतो आणि भट्टीत काहीही बदललेले नसताना आकडा बदलतो. म्हणून वापरलेला थर्मोकपल ज्या खोलीवर होता, त्याच खोलीवर ठेवावा, आणि तपासणीही शक्य असेल तर त्याच जागी, शेजारी दुसरा खात्रीचा थर्मोकपल घालून करावी.

के टाइप हा सगळ्यांत जास्त वापरला जाणारा प्रकार आहे. त्यात क्रोमेल आणि अॅल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंच्या तारा असतात, आणि तो दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. जे टाइपमध्ये लोखंड आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) असते. तो थोडे जास्त व्होल्टेज देतो, पण लोखंड गंजते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट शेडमध्ये तो बसवण्याआधी विचार करावा. वितळलेल्या बिडासाठी यांपैकी काहीच चालत नाही. तिथे प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांचे एस, आर किंवा बी टाइप लागतात, आणि ते दर अंशाला फारच कमी व्होल्टेज देत असल्याने जोड स्वच्छ असण्याला तिथे जास्त महत्त्व येते.

के टाइपचा एक दोष ठाऊक असलेला बरा. साधारण ८०० ते १,०५० अंशांमध्ये, जिथे हवेत ऑक्सिजन कमी असतो, उदाहरणार्थ अरुंद बंद नळीत, तिथे क्रोमेलमधले क्रोमियम हळूहळू जळते आणि तारेवर हिरवट थर येतो. अशा थर्मोकपलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू लागतो. कंट्रोलर तो आकडा खरा मानून भट्टी आणखी तापवत राहतो आणि आतला माल ठरवलेल्यापेक्षा जास्त तापमानाला जातो. मालाची हार्डनेस अकारण बदलू लागली, तर ही शक्यता तपासावी. अशा जागी एन टाइप, म्हणजे निकेलच्याच वेगळ्या मिश्रधातूंचा थर्मोकपल, जास्त टिकतो.

थंड टोक आणि मल्टिमीटरने तपासणी

थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानांतला फरक सांगतो. म्हणून इन्स्ट्रुमेंटला स्वतःच्या टर्मिनलचे तापमान वेगळे मोजून त्यात मिळवावे लागते, आणि यालाच कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन म्हणतात. इन्स्ट्रुमेंटवर संशय असेल, तर पुढील तपासणी दहा मिनिटांत होते.

थर्मोकपलच्या तारा इन्स्ट्रुमेंटपासून सोडवून चांगला मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावावा, आणि जिथे प्रोब टेकवले आहेत तिथले तापमान साध्या थर्मामीटरने पाहावे. समजा, मल्टिमीटर ३४.११ मिलिव्होल्ट दाखवतो आणि टर्मिनलजवळ ३० अंश आहेत. के टाइपच्या तक्त्यात ३० अंशांना १.२०३ मिलिव्होल्ट दिलेले असतात. दोन्ही मिळवले की ३५.३१३ मिलिव्होल्ट होतात, आणि तक्त्यात या आकड्यासमोर ८५० अंश दिसतात. बेरीज नेहमी मिलिव्होल्टची करावी. आलेल्या अंशांत खोलीचे अंश मिळवण्याचा सोपा मार्ग के टाइपला जवळपास जमून जातो, पण एस किंवा आर टाइपला बराच चुकतो. तक्त्यावरून ८५० आले आणि पॅनलवर ८२० दिसत असले, तर दोष इन्स्ट्रुमेंटमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. दोन्ही ठिकाणी ८२० आले, तर दोष बाहेरच्या वाटेवर आहे.

कॉम्पेन्सेटिंग केबल

थर्मोकपलच्या हेडपासून (बाहेरच्या टोकाच्या जोडणीच्या डबीपासून) पॅनलपर्यंत त्या टाइपला जुळणाऱ्या धातूंची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते. तिच्याऐवजी साधी तांब्याची वायर ओढली, तर इन्स्ट्रुमेंट हेडचे तापमान विसरते. भट्टीजवळच्या हेडला ७० अंश आणि पॅनलला ३५ अंश असतील, तर आकडा सुमारे ३५ अंशांनी कमी येतो. केबल योग्य प्रकारची असली पण दोन्ही टोकांना प्लस-मायनस उलटे झाले, तर चूक दुप्पट, म्हणजे सुमारे ७० अंशांची होते. ही दुसरी चूक फार फसवी असते, कारण भट्टी तापली की आकडा वाढतो, थंड झाली की कमी होतो, आणि सगळे ठीक चालल्यासारखे दिसते. एकाच टोकाला उलटे झाले असेल तर निदान भट्टी तापताना आकडा उतरतो आणि चूक लगेच लक्षात येते.

रंगांवर डोळे झाकून विसंबू नये. आंतरराष्ट्रीय पद्धतीत के टाइपचा प्लस हिरवा आणि मायनस पांढरा असतो, तर अमेरिकन पद्धतीत प्लस पिवळा आणि मायनस लाल असतो. घरच्या किंवा मोटारीच्या वायरिंगची सवय असलेला माणूस लाल तार प्लसला जोडतो, आणि तिथेच सगळे उलटते. शंका आली, तर एक लहान चुंबक खिशात ठेवावा: के टाइपमध्ये चुंबकाला चिकटणारी तार मायनसची असते, आणि जे टाइपमध्ये चिकटणारी तार लोखंडाची, म्हणजे प्लसची असते. हे तारेलाच लावून पाहावे, टर्मिनलच्या स्क्रूला नव्हे.

फाउंड्रीतली टीप आणि लान्स

वितळलेल्या बिडाचे तापमान घेण्यासाठी वापरून टाकायची टीप लान्सच्या, म्हणजे हातात धरायच्या लांब दांड्याच्या, टोकाला लावतात. कागदाच्या जाड नळीच्या टोकाशी क्वार्ट्झच्या बारीक नळीत प्लॅटिनमच्या तारा वाकवून बसवलेल्या असतात आणि त्यावर धातूची टोपी असते. स्लॅगमधून (मेटलवर तरंगणाऱ्या मळीतून) आत जाईपर्यंत टोपी तारांचे रक्षण करते आणि मग वितळून जाते. काही सेकंदांतच तारा मेटलच्या तापमानाला येतात. आकडा चढत जाऊन क्षणभर स्थिरावतो, आणि तो स्थिरावलेला आकडाच इन्स्ट्रुमेंट धरून ठेवते.

मोजण्यापूर्वी इंडक्शन फर्नेसची पॉवर बंद करावी. त्यात लान्स धरणाऱ्याची सुरक्षितता आहे, आणि फर्नेसच्या चुंबकीय क्षेत्रामुळे मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये होणारी गडबडही टळते. स्लॅग बाजूला सारावा, टीप मेटलमध्ये चांगली बुडेल इतकी आत न्यावी आणि ती भिंतीला टेकू देऊ नये. दमट टीप कधीही वापरू नये: आत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ होऊन मेटल उडते. पावसाळ्यात टिपांचे खोके फरशीवर न ठेवता कोरड्या, उबदार जागी ठेवावेत.

आकडा दर वेळी वेगवेगळा येत असेल, तर टिपेला दोष देण्याआधी लान्समधला कॉन्टॅक्ट ब्लॉक पाहावा. त्यावर काजळी किंवा गंज असला, किंवा लान्समधली केबल उष्णतेने जळून तारा आतल्या आत टेकल्या असल्या, तर नव्या टिपेनेही आकडा चुकतो. इन्स्ट्रुमेंट कोणत्या टाइपवर लावले आहे, हेही पाहावे. एकाच तापमानाला आर टाइप एस टाइपपेक्षा जास्त व्होल्टेज देतो: १,४०० अंशांना एस टाइप १४.३७ मिलिव्होल्ट, तर आर टाइप १६.०४ मिलिव्होल्ट देतो. इन्स्ट्रुमेंट एसवर ठेवून आर टाइपची टीप लावली, तर आकडा शंभराहून अधिक अंशांनी जास्त येतो. मग पुरेसे तापले आहे असे समजून थंड मेटल ओतले जाते आणि कास्टिंगमध्ये कोल्ड शट, म्हणजे मेटल नीट एकजीव न झालेल्या फटी, येतात. पुरवठादार बदलला, तर खोक्यावरचा टाइप वाचल्याशिवाय टिपा फर्नेसवर देऊ नयेत.

पीटी-१०० : दूध, ऊस आणि गुळासाठी

साधारण ४०० अंशांच्या आत आणि अर्ध्या-पाऊण अंशाची अचूकता हवी असेल, तर पीटी-१०० घ्यावा. प्लॅटिनमच्या तारेचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो, १०० अंशांना तो १३८.५१ ओहम होतो, म्हणजे दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. ७२ अंशांना ए क्लासच्या सेन्सरची मान्य चूक सुमारे ०.३ अंश, तर बी क्लासची सुमारे ०.७ अंश असते. पाश्चरायझरला ए क्लासच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. किमतीतला फरक एका बॅचच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

पीटी-१०० बिघडवण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे त्याला दोन तारांवर जोडणे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध शंभर मीटरला साधारण १.८ ओहम असतो. सेन्सर पॅनलपासून ५० मीटर लांब असेल, तर जाणारी आणि येणारी तार मिळून हाच १.८ ओहम सेन्सरच्या रोधात मिसळतो आणि आकडा सुमारे ४.७ अंशांनी वाढतो. पॅनलवर ७२ दिसत असताना होल्डिंग ट्यूबमधले दूध ६७ अंशांच्या थोडेसेच वर असते, आणि कमी तापलेले दूध परत वळवणाऱ्या डायव्हर्जन व्हॉल्व्हला ते कळत नाही. म्हणून तीन तारा वापरतात. तिसऱ्या तारेमुळे इन्स्ट्रुमेंटला तारेचा रोध वेगळा मोजून वजा करता येतो, मात्र त्यासाठी तिन्ही तारा सारख्या जाडीच्या आणि लांबीच्या असाव्या लागतात आणि प्रत्येक टर्मिनल सारखे घट्ट असावे लागते. एका टर्मिनलवरचा एका ओहमचा सैल जोडही अडीच अंशांची चूक आणतो. चार तारांच्या जोडणीत हाही प्रश्न उरत नाही. कॅलिब्रेशनच्या मास्टर सेन्सरला तीच वापरावी.

तपासताना इन्स्ट्रुमेंटपासून तिन्ही तारा सोडवाव्यात. दोन लाल तारांमध्ये मल्टिमीटरने फक्त तारांचा रोध, म्हणजे एक-दोन ओहम दिसावा. लाल आणि पांढऱ्यामध्ये २८ अंशांच्या खोलीत ११०.९ ओहम अधिक तारांचा रोध दिसावा. लाल-पांढऱ्यामध्ये अनंत रोध आला तर आतली तार तुटली आहे. अपेक्षेपेक्षा कमी रोध आला तर ओलावा शिरला आहे, कारण ओलाव्यातून वाहणारा प्रवाह रोध कमी दाखवतो आणि आकडा खाली ओढतो. जून ते सप्टेंबरमध्ये हेडच्या झाकणाचा रबर गॅस्केट आणि केबल ग्लँड नीट बसलेले असणे, हे या भागात सेन्सरच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे आहे. केबल हेडमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथून ठिबकते आणि आत जात नाही.

थर्मोवेलमध्ये, म्हणजे पाइपात शिरणाऱ्या बंद टोकाच्या संरक्षक नळीत, सेन्सर बसवताना त्याचे टोक वेलच्या तळाला टेकले पाहिजे. मधे हवा राहिली, तर आकडा उशिरा बदलतो. वेल पाइपमध्ये तिच्या स्वतःच्या व्यासाच्या निदान दहापट आत जावी. कमी गेली, तर धातूच्या दांड्यातून उष्णता बाहेर निघून जाते आणि आकडा कमी येतो. पाइप बारीक असेल, तर वेल वळणावर, येणाऱ्या प्रवाहाच्या समोर बसवावी. साखर कारखान्यात ज्यूस हीटरनंतरच्या वेलवर खरपुडी बसते आणि सेन्सर निरोगी असूनही सुस्त होतो. सीझनमधल्या प्रत्येक सफाईत ती खरवडून काढावी.

काहिलीसाठी स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळीतला पीटी-१०० योग्य ठरतो. त्याचे टोक काहिलीच्या तळाला लागू देऊ नये, कारण चुलवाणाच्या ज्वाळेवरचा पत्रा पाकापेक्षा बराच गरम असतो. पाक ११० अंशांच्या पुढे गेला की शेवटचे अंश झपाट्याने चढतात. जाड नळीतला सेन्सर तेव्हा मागे पडतो. गुळव्या पाकाची गोळी पाण्यात टाकून जी अवस्था ओळखतो, तिच्याशी आकडा ताडून पाहावा, आणि त्या त्या उसाच्या जातीला किती अंशांवर गूळ चांगला बसतो ते लिहून ठेवावे. थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा अर्धवाहकाचा सेन्सर) स्वस्त असतो आणि लहानशा बदलालाही तीव्रपणे प्रतिसाद देतो, पण दीडशे अंशांच्या आसपास त्याची मर्यादा येते. शीतगृह, दूध थंड करण्याची टाकी आणि मोटारीची वाइंडिंग ही त्याची खरी जागा आहे.

बर्फ आणि उकळते पाणी

शून्य अंशाची तपासणी थर्मासमध्ये करावी. स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा बारीक चुरा भरून त्यात फक्त फटी भरतील इतकेच पाणी घालावे; बर्फ तरंगू लागला, तर तळाचे पाणी चार अंशांपर्यंत गरम असू शकते. सेन्सर खोल बुडवून आकडा स्थिर होऊ द्यावा.

दुसऱ्या टोकाला उकळते पाणी वापरणाऱ्यांनी इथे एक गोष्ट विसरू नये. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, आणि इथे पाणी १०० अंशांना उकळत नाही. ते सुमारे ९८.१ अंशांना उकळते. पीटी-१०० त्या वेळी १३८.५१ नव्हे, तर जवळपास १३७.८ ओहम दाखवतो आणि तेच बरोबर असते. उकळत्या पाण्यात ९८ दिसले म्हणून इन्स्ट्रुमेंटचा ऑफसेट (आकड्यात मिळवायची ठरावीक दुरुस्ती) दोनने वाढवला, तर बरोबर असलेले मोजमाप स्वतःच्या हाताने बिघडवल्यासारखे होते, आणि पाश्चरायझरवर ती चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते. ही तपासणी दोष लवकर कळावा यासाठी आहे. ग्राहकाला किंवा ऑडिटला दाखवायचे कॅलिब्रेशन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावे, आणि प्रमाणपत्रात दिलेली चूक इन्स्ट्रुमेंटजवळच्या कार्डावर लिहावी.

ट्रान्समीटर, सिग्नलमधली गडबड आणि तुटलेली तार

अंतर जास्त असेल, तर हेडमध्येच ट्रान्समीटर (सेन्सरच्या सिग्नलचे प्रवाहात रूपांतर करणारा लहान भाग) बसवून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पॅनलला न्यावा, म्हणजे पुढची केबल साध्या तांब्याची चालते. शून्य ते २०० अंशांच्या रेंजवर १२ मिलिअँपिअर आले, तर १०० अंश समजावेत. ट्रान्समीटरची रेंज आणि पीएलसीतली (यंत्रे चालवणाऱ्या पॅनलमधल्या संगणकातली) रेंज वेगवेगळी ठेवली गेली, की आकडा सगळीकडे ठरावीक प्रमाणात चुकतो, आणि ही चूक सेन्सर बदलून कधीच जात नाही.

आकडा उड्या मारत असेल, तर सेन्सरची केबल मोटारीच्या किंवा व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये गेली आहे का, ते पाहावे. शील्ड (केबलभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला, पॅनलकडे अर्थिंगला जोडावी. दोन्हीकडे जोडली तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. आकडा भट्टी तापत असतानाही शेडच्या तापमानाजवळ अडकून राहिला, तर केबल किंवा हेडमध्ये तारा एकमेकींना टेकलेल्या असतात, कारण थर्मोकपल मग त्या टेकलेल्या जागेचे तापमान दाखवतो. हा दोष धोक्याचा आहे: कंट्रोलरला भट्टी थंडच दिसते आणि हीटर चालूच राहतात. यासाठी भट्टीवर स्वतंत्र थर्मोकपल आणि स्वतंत्र कंट्रोलर असलेले ओव्हर-टेम्परेचर कटऑफ हवे. कंट्रोलच्या सेन्सरवरच कटऑफ लावल्यास संरक्षण मिळत नाही.

तार पूर्ण तुटली, तर इन्स्ट्रुमेंटने काय करावे, हे बर्नआउट सेटिंग ठरवते. भट्टीवर ते अपस्केलवर ठेवावे, म्हणजे तुटताच आकडा कमाल दाखवतो आणि हीटर बंद होतात. पाश्चरायझरवर मात्र डाउनस्केल ठेवावे, म्हणजे तुटताच दूध कमी तापले असे समजून ते परत वळवले जाते. सेटिंग बदलल्यावर किंवा नवा थर्मोकपल बसवल्यावर, माल भरण्यापूर्वी पॅनलमध्ये एक तार सोडवून पाहावी: भट्टीचा कॉन्टॅक्टर (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटला पाहिजे, आणि पाश्चरायझरचा व्हॉल्व्ह वळला पाहिजे. तसे झाले नाही, तर कारण सापडेपर्यंत लाइन सुरू करू नये.